सहाशे पंचवीसच्या गोळ्या

शुक्रवार, १२ सप्टेंबर २०२५

विवेक म्हणाला, "ओरडू नकोस, लिहून काढ." म्हणून ही वही. नवऱ्याला बायकोचा आवाज नकोसा झाला की तो तिला छंद सुचवतो. बरं, लिहिते.

आज स्वरांगीला डॉक्टरकडे नेलं. घसा लाल, अंगात ताप, पोरगी दोन दिवस शाळेत गेलेली नाही. त्या डॉ. लीहींची वेळ मिळवायची म्हणजे सकाळी नऊच्या ठोक्याला फोन फिरवत बसायचं. पंचवीस मिनिटं एंगेज. मग दुपारी तीनची वेळ, आणि आत गेल्यावर पाच मिनिटं. घसा पाहिला, छाती ऐकली, कानात डोकावला आणि म्हणाला, "व्हायरल आहे. पॅरासिटॅमॉल, भरपूर पाणी, आराम. शी'ल बी ग्रँड."

ग्रँड! या आयरिश लोकांच्या देशात पाय मोडला तरी माणूस ग्रँडच असतो. मी म्हटलं, अँटिबायोटिक द्या. तर हसला. व्हायरसवर ते चालत नाही म्हणे, आणि उगाच घेतलं तर खरं लागेल तेव्हा चालणार नाही. मला शिकवतोय. माझे बाबा तीस वर्षं पिंपरीला पेनिसिलिनच्या कारखान्यात होते. मी त्या कॉलनीत वाढले. आणि आज बारा वर्षं मी इथे रिंगास्किडीच्या औषधांच्या प्लांटमध्ये क्वालिटीत आहे. कुठल्या बॅचमध्ये काय चुकलं आणि कुणी चुकवलं हे खणून काढणं हेच माझं काम. माझ्यापुढे हा माणूस पहिलीचा धडा वाचत होता.

घरी आले आणि फ्रिजच्या वरच्या कपाटातून डबा काढला. दरवर्षी पुण्याहून येताना भाकरवडी एखादा पुडा कमी आणते, पण हा डबा गच्च भरून आणते. आमच्या चौकातला केमिस्ट कागदबिगद मागत नाही. "ताई, किती पट्ट्या?" एवढंच विचारतो. सहाशे पंचवीसची, म्हणजे पेनिसिलिनच्या घराण्यातल्या अँटिबायोटिकची, अर्धी गोळी स्वरांगीला दिली. पांढरी, लांबट, खडूसारखी. तिने तोंड वेंगाडलं.

"बट डॉक्टर लीही सेड नो, आई."

"डॉक्टर लीही तुझी आई नाही," मी म्हटलं.


रविवार, १४ सप्टेंबर

ताप उतरला! तिसऱ्या दिवशी पोरगी सोफ्यावर उड्या मारते आहे. पाहिलंत, डॉ. लीही? गोळ्या आजच बंद केल्या. लहान मुलांना उगाच जास्त औषध देऊ नये. उरलेल्या परत डब्यात.

जेवताना स्वरांगीने विचारलं, गोळी करते काय? मग मी तिला बाबा मला सांगायचे तसं सांगितलं. बॅक्टेरियाच्या भोवती भिंत असते. त्याला वाढायचं, एकाचे दोन व्हायचं, तर भिंतीत सारख्या नव्या विटा घालाव्या लागतात आणि त्या एकमेकींना बांधाव्या लागतात. ते काम करणारे त्याचे गवंडी असतात. पेनिसिलिन दिसायला त्या विटेच्या टोकासारखंच. गवंडी फसतो, ते हातात घेतो आणि त्याचा हात तिथेच चिकटून बसतो. भिंतीला भोकं पडतात. आतून पाण्याचा दाब असतोच, त्याने बॅक्टेरिया फुटतो. आपल्या पेशींना भिंतच नसते, म्हणून आपल्याला काही होत नाही. बाबा हे सगळं गवार मोडता मोडता सांगायचे. गेल्या महिन्यात माझी आई इथे आली आहे, ती आज ते ऐकून डोळे पुसत होती.

स्वरांगी म्हणाली, "सो व्हाय डोन्ट द बॅक्टेरिया जस्ट ब्रेक द पेनिसिलिन फर्स्ट?"

मी म्हटलं, भात संपव आधी.


शनिवार, २० सप्टेंबर

आईला लघवीला जळजळ. ती ऑगस्टच्या शेवटी आली, तीन महिन्यांच्या व्हिसावर. वय एकाहत्तर, पाणी प्यायचं नाव नाही, कारण "इथे थंडीत तहानच लागत नाही गं." सहाशे पंचवीस सुरू केली, सकाळ-संध्याकाळ एक. डॉ. लीहींकडे न्यायचं तर परत तो नऊचा फोन आणि परत तो हसणार. नकोच.

दुपारी रोहिणीचा, माझ्या इथल्या मैत्रिणीचा, मेसेज. तिच्या धाकट्याचे कान दुखतायत, "तुझ्या खजिन्यात काही आहे का?" सहा गोळ्या नेऊन दिल्या. या गावात अर्ध्या मराठी घरांत माझा डबा पोचलेला आहे.


सोमवार, २२ सप्टेंबर

आई बरी. चार गोळ्यांत काम झालं. उरलेली पट्टी डब्यात.


शुक्रवार, ३ ऑक्टोबर

डोकं फिरलं आहे. प्लांटमध्ये डेक्लन नावाच्या टेक्निशियनने तापमानाच्या नोंदीतला आकडा गिरवून बदलला. आमच्याकडे नियम एकच आणि तो पहिल्या दिवशी शिकवतात. चुकलं तर एकच आडवी रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, शेजारी सही आणि तारीख. खोडायचं नाही, फाडायचं नाही. आणि हा बाबा आकड्यावर आकडा गिरवतो! मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर झापला त्याला. म्हटलं, चूक झाली तर आपण ती दुरुस्त करू शकतो. लपवलेली चूक पेशंटपर्यंत जाते. तो लालेलाल झाला, म्हणाला, घाबरलो होतो. घाबरलास म्हणून काय झालं? घाबरायचं तर त्या पेशंटसाठी घाबर!

घरी आले तर आईची जळजळ परत. म्हणाली, "दोन दिवस झाले. तू कामात होतीस." म्हणजे माझ्यामुळे! सहाशे पंचवीसच्या तीन देईन आणि मग डब्यातलं सेफिक्झिम. ते जरा वरच्या नंबरचं.


बुधवार, २२ ऑक्टोबर, पाडवा

रोहिणीकडे जमलो होतो, तीसएक माणसं. चकल्या बऱ्या, अनारसे चिवट. रोहिणीने सगळ्यांसमोर माझ्या गळ्यात हात टाकला. "गाइज, ही आपली खरी एचएसई! नो वेटिंग लिस्ट, यार!" सगळे हसले. इथल्या सरकारी आरोग्यखात्याने कधी कुणाला हसवलं नाही, मी निदान तेवढं केलं. दोघीतिघींनी जाताना हळूच काय काय मागून घेतलं.

आईने मात्र सणाच्या दिवशी तोंड पाडलं. काही खाल्लं नाही, चार वेळा उठून बाथरूमला गेली, कोपऱ्यात शाल गुंडाळून बसली. गाडीत मी तिच्यावर चिडले. म्हटलं, माणसांत आलं की माणसांसारखं वागावं. ती म्हणाली, "हो गं, चुकलं." मागच्या आठवड्यातही तिला दोन सेफिक्झिम दिल्या होत्या. या म्हाताऱ्या माणसांचं काही ना काही चालूच असतं.


शुक्रवार, २४ ऑक्टोबर

यावेळी गोळ्यांनी काही फरक पडला नाही. सहाशे पंचवीसच्या लागोपाठ चार दिल्या तरी आई विव्हळतेच आहे. बॅच भंकस असणार. त्या केमिस्टला फोनवर चांगलं सुनावणार आहे.

शेवटी नाक मुठीत धरून डॉ. लीहींकडे नेलं. लघवी तपासली, थोडी लॅबला पाठवायला काढून घेतली. मग खुर्ची जवळ ओढून विचारलं, "आधी कधी झालं होतं का? गेल्या तीन महिन्यांत कुठलं अँटिबायोटिक?"

मी म्हटलं, "नो. नथिंग."

त्याच्यापुढे मान खाली घालू की काय? की डॉक्टर, तुम्ही दिलं नाहीत म्हणून मी देते? त्याला तेवढंच हवं असेल. तो परत हसला असता.

त्याने आईकडे पाहिलं. आईने माझ्याकडे पाहिलं. तिला इंग्रजी कळत नाही असं त्याला वाटलं असावं. त्याने सेफालेक्सिन हे अँटिबायोटिक लिहून दिलं. सोमवारी बँक हॉलिडे, रिपोर्ट मंगळवार-बुधवारी येईल. ताप आला, हुडहुडी भरली तर थांबू नका, थेट हॉस्पिटलला जा, असं दोनदा बजावलं. बघा, आता स्वतः लिहून देतो! सहा आठवड्यांपूर्वी काय झालं होतं?


रविवार, २६ ऑक्टोबर

हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये बसून लिहिते आहे.

दुपारी जेवणानंतर आईला थंडी वाजायला लागली. दोन दुलया, तरी पलंग हलत होता. मग ती मला "वहिनी" म्हणायला लागली. विवेकने ॲम्ब्युलन्स बोलावली. इथे ट्रॉल्यांची रांग, आईची ट्रॉली एका पडद्याआड. ब्लडप्रेशर खाली गेलेलं, इन्फेक्शन किडनीतून रक्तात उतरलं आहे म्हणतात. म्हणजे नुसतं सेफालेक्सिन देऊन त्या लीहीने आईला मारायला टाकलं होतं!

ड्युटीवर डॉ. तारिक म्हणून एक जण आहे, लाहोरचा, तरुण, डोळ्यांखाली काळं. पडद्याबाहेर उभं राहून प्रश्न विचारत होता. तीन महिन्यांत अँटिबायोटिक? भारतात हॉस्पिटलमध्ये होत्या का? तिथून येताना काही औषधं?

भारत! आला लगेच भारत! मी म्हटलं, "का? आम्ही काय जंतू घेऊन येतो? लाहोरला नसतात वाटतं?" आवाज चढला माझा. शेजारची बाई वळून बघायला लागली. तो म्हणाला, "मॅम, औषध निवडायला लागतं म्हणून विचारतोय. तिकडून आलेल्या प्रत्येकाला विचारतो. मलाही विचारतील." मी म्हटलं, तिने त्या जीपीच्या गोळ्यांखेरीज काहीही घेतलेलं नाही. नथिंग. लिहून घ्या. त्याने लिहून घेतलं.

मग गाडी हलवायला गेले. विवेक ती ॲम्ब्युलन्सच्या रस्त्यात लावून, किल्ली माझ्याकडे देऊन टॅक्सीने स्वरांगीला आणायला घरी गेला होता. परत आले तोवर आईच्या हाताला सलाईन लागलं होतं. पेनिसिलिनच्याच घराण्यातलं मोठं औषध आहे. आई जागी होती, शुद्धीवर होती, माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, आता बरं वाटेल. तिने मान हलवली.


सोमवार, २७ ऑक्टोबर, बँक हॉलिडे

बरं वाटलेलं नाही. ताप तसाच. लघवी जवळजवळ थांबली आहे. हाय डिपेंडन्सीत, म्हणजे आयसीयूच्या अलीकडच्या वॉर्डात, हलवलं. लॅबमध्ये आज मोजकी माणसं, रिपोर्टला उद्या-परवा उजाडेल म्हणे. अख्खा देश सुट्टीवर आणि माझी आई मरते आहे.

मी ठरवलं, तक्रार करायची. अशी करायची की त्या लीहीला आयुष्यभर आठवेल. फोनवर लिहायला घेतलं आणि आमच्या प्लांटच्या पद्धतीनेच घेतलं. आधी घटनाक्रम, तारीखवार, पुराव्यानिशी. मग प्रत्येक घटनेला 'का?' आणि त्या उत्तराला परत 'का?', मूळ कारण सापडेपर्यंत. हे मला झोपेतही येतं. तारखा हव्या होत्या, म्हणून पर्समधून ही वही काढली आणि पहिल्या पानापासून वाचत एकेक ओळ उतरवायला लागले.

वीस सप्टेंबर. जळजळ. सहाशे पंचवीस, चार गोळ्या, बंद.
तीन ऑक्टोबर. परत. तीन गोळ्या. मग सेफिक्झिम.
ऑक्टोबरचा मधला आठवडा. सेफिक्झिम, दोन.
चोवीस ऑक्टोबर. चार गोळ्या. फरक नाही.
चोवीस ऑक्टोबर. डॉक्टरने विचारलं. सांगितलं, नथिंग.
सव्वीस ऑक्टोबर. हॉस्पिटलने विचारलं. सांगितलं, नथिंग.

सहा ओळी. लीहीचं नाव कुठेच नाही. सगळीकडे मी.

डेक्लनने असा घटनाक्रम माझ्या टेबलावर ठेवला असता तर मी अर्ध्या मिनिटात मूळ कारण लिहून सही केली असती.

ती पानं फाडावीशी वाटली. खरंच बोटांत धरलीही. फाडली नाहीत, त्यात काही मोठेपणा नाही, बारा वर्षांची सवय आहे. पण उठून डॉ. तारिककडेही गेले नाही. तो दोनदा समोरून गेला. मी चष्मा पुसत बसले. डोक्यात काय होतं ते लिहितेच: औषधांच्या कंपनीतली क्वालिटीची बाई विनापरवाना गोळ्या वाटते, हे कुणी कळवलं तर नोकरी जाईल. रोहिणीकडच्या तीस माणसांत तोंड दाखवता येणार नाही. आणि तो लीही. आई आतमध्ये आणि मी बाहेर हे हिशेब करत होते. माझी मला किळस आली, तरी उठले नाही. म्हटलं, उद्या रिपोर्ट येईलच, मग सांगायची गरजच पडणार नाही.


मंगळवार, २८ ऑक्टोबर

सकाळी नर्स बाहेर आली आणि म्हणाली, आणखी कुणा नातेवाइकांना बोलवायचं असेल तर बोलवून घ्या. शांतपणे म्हणाली, माझ्या दंडावर हात ठेवून.

मी वही घेऊन डॉ. तारिककडे गेले. उभ्याउभ्या वाचून दाखवलं, मराठीतून इंग्रजीत, तारखांसकट, गोळ्यांच्या संख्येसकट. "नथिंग" म्हटल्याच्या दोन्ही तारखाही वाचल्या. मी वाट बघत होते की आता हा माणूस ओरडेल. रविवारी मी त्याला काय काय बोलले होते! त्याने फक्त विचारलं, "सेफिक्झिम एकूण किती?" आणि फोन उचलला. पलीकडे मायक्रोबायॉलॉजीच्या कन्सल्टंट, डॉ. क्वर्क. मिनिटभर बोलणं झालं असेल. पाऊण तासात आईच्या सलाईनची पिशवी बदलली होती. मेरोपेनेम, बाकीची औषधं चालेनाशी झाली की काढतात ते. रिपोर्टची वाट न बघता.

तक्रार पुसून टाकली. विवेकला फोनवर सगळं सांगितलं. तो म्हणाला, "डबा मलाही माहीत होता की गं." मला त्याचाही राग आला. दोष वाटून घ्यायला निघालाय!


गुरुवार, ३० ऑक्टोबर

आईला किडनीच्या मशीनवर घेतलं. ताप उतरायला लागला आहे. मेरोपेनेम लागू पडतंय.

रिपोर्ट काल आला. डॉ. क्वर्क स्वतः खाली आल्या होत्या, पिकल्या केसांच्या, पायात धावायचे बूट. कागदावर औषधांची यादी, जवळजवळ प्रत्येकापुढे R, म्हणजे जंतू त्याला दाद देत नाहीत. सहाशे पंचवीसपुढे R. सेफिक्झिमपुढे R. सेफालेक्सिनपुढे R. रविवारी लावलेल्या मोठ्या औषधापुढेही R. अगदी तळाशी दोनतीन S, लागू पडणारी.

मी विचारलं, मी अर्धवट गोळ्या दिल्या म्हणून झालं का? त्या म्हणाल्या, "अर्धवट की पूर्ण, एवढ्यावर ते नसतं. प्रत्येक डोस निवड करतो." मग त्यांनी माझ्याच पेनने पाकिटावर काढून दाखवलं. पेनिसिलिनच्या मधोमध एक चौकोनी कडं असतं, सगळी ताकद त्यात. काही बॅक्टेरिया एक एन्झाइम, एक कात्रीच म्हणा, बनवतात आणि ते कडंच कापून टाकतात. कडं कापलं की गवंड्याचा हात चिकटत नाही, भिंत निवांत बांधली जाते. सहाशे पंचवीसमध्ये एक जास्तीचं औषध असतं, ते त्या कात्रीत अडकून बसायचं. पण कात्र्या फार झाल्या की तेही पुरत नाही. तुमच्या आईच्या आतड्यात असे थोडे आधीपासून असतील, पुष्कळांच्या असतात, आयरिश लोकांच्याही. ते तिथे कोपऱ्यात पडून राहतात. तुम्ही गोळी दिलीत, साधे मेले, जागा मोकळी झाली, हे वाढले. परत दिलीत, परत वाढले. चौथ्यांदा आजारी पडल्या तोवर सगळे हेच होते. आणि कात्री बनवायची कृती ते एकमेकांना देतातही, वेगळ्या जातीच्या बॅक्टेरियालासुद्धा.

स्वरांगीने दीड महिन्यापूर्वीच हे विचारलं होतं. दहा वर्षांच्या पोरीला सुचलं आणि मी तिला भात खायला लावला.

"रविवारी सांगितलं असतं तर?" मी विचारलं.

त्यांनी पेन मला परत दिलं. म्हणाल्या, "रविवारीच मेरोपेनेम लावलं असतं. किडनी वाचली असती का, ते मी सांगू शकत नाही." गोड बोलून टाळलं नाही, याबद्दल मी त्यांची आभारी आहे. इथे आल्यापासून मला सरळ बोलणारं पहिलं माणूस भेटलं आणि तेही अशा वेळी.


सोमवार, ३ नोव्हेंबर

डबा फार्मसीत नेऊन दिला. मोठी पिशवी भरली. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "ग्रँड, थँक्स अ मिलियन." मला वाटलं होतं, निदान भुवया तरी वर जातील.

इथल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहून टाकलं, सगळं, सहा ओळींसकट. माझ्याकडून ज्यांनी नेल्या त्यांनी उरलेल्या परत करा आणि डॉक्टरने विचारलं तर खरं सांगा. दोन बदाम आले, तीन नमस्कार आले, मग सगळे चिडीचूप. रोहिणीने फोन केला. "अगं, एवढं पब्लिक कशाला केलंस? आता आमचीही नावं येतील ना!" मी तिच्यावर इतकी ओरडले की घसा बसला. नंतर लक्षात आलं, मागच्या सोमवारी कॉरिडॉरमध्ये बसून मी वेगळं काय म्हणत होते?

संध्याकाळी डॉ. लीहींचा फोन. हॉस्पिटलकडून त्यांना कळलं होतं. आई कशी आहे विचारत होते. मी सांगितलं, मी तुमच्याशी खोटं बोलले. ते म्हणाले, हो, आता कळलं मला ते. त्या घरी आल्या की मी येऊन बघून जाईन. फोन ठेवल्यावर मी स्वयंपाकघरात उभी राहून रडले, संतापाने. ओरडा ना रे कुणीतरी! प्लांटमध्ये मी डेक्लनला दहा माणसांत उभा केला होता. मला इथे कुणी उभंसुद्धा करत नाही.


शनिवार, ८ नोव्हेंबर

आईला साध्या वॉर्डात आणलं. मशीन काढलं आहे, पण किडनी निम्म्यानेच चालते आणि यापुढे तेवढीच चालेल. विमानाचं इतक्यात नाव नको. डॉ. तारिक व्हिसा वाढवायला पत्र देतो म्हणाला आहे. अकराच्या सुमारास तिला उठवून खुर्चीत बसवलं. केस विंचरून दिले. बराच गुंता झाला होता.

मी ठरवून गेले होते. सांगितलं तिला. म्हटलं, आई, मी डॉक्टरांना दोनदा खोटं सांगितलं. तुला काही दिलं नाही म्हणाले. म्हणून तुला दोन दिवस चुकीचं औषध मिळालं आणि म्हणून तुझी किडनी गेली.

आई म्हणाली, "माहीत आहे मला."

"कसं?"

"पडद्याबाहेर तर बोलत होतीस. तुझा आवाज काय लपतो?" जरा थांबून दम घेतला. "'नथिंग' कळतं मला. नंतर तू गाडी काढायला गेलीस ना, तेव्हा तो डॉक्टर आत आला. हिंदीत विचारलं त्याने, अम्मा, कोई गोली ली थी क्या? दोनदा विचारलंन, हात धरून. चांगला मुलगा आहे."

"मग तू काय सांगितलंस?"

"नाही म्हटलं."

मी ओरडलेच. वॉर्डातल्या दोन बायका वळल्या. म्हटलं, तू शुद्धीत होतीस! तुला माहीत होतं! का नाही म्हणालीस? मरायला टेकली होतीस, आई!

"तू नाही म्हणून सांगितलेलं. मी हो कसं म्हणणार? पोटच्या पोरीला परक्या माणसापुढे खोटी पाडू?" तिने माझ्या हातातून कंगवा काढून घेतला आणि त्यातले केस ओढून काढत बसली. "आणि म्हटलं, तू आहेस ना. आज चिडली आहेस. उद्या सांगशील. सोमवारी दिवसभर दाराकडे बघत होते मी. नर्स यायची, तो डॉक्टर यायचा, मला वाटायचं, आता सांगितलं असेल योगिनीने."

सोमवारी दिवसभर मी त्या दाराच्या बाहेर बसलेले होते.